पाठ फिरवून ऐकलेला पट

ममता माही लहान बहीण. सख्खी, पाठची. घाटंजी तालुक्यात आता मले लोक बबनराव म्हणून कमी अन् ममताचा भाऊ म्हणून जास्त वळखतात, अन् मले त्याचं काई वाईट वाटत नाही. शिकलो मी आठवीपर्यंतच, पण ही गोष्ट माह्यासारखी वकीलही सांगू शकणार नाही.

तिचं सासर पांढरकवड्याकडचं. लग्नाले दोन वर्षं झाली अन् सासरचं सारं घर एका ठिकाणी जाऊन राह्यलं. जंगलाच्या कडेले भलं मोठं आवार, पत्र्याच्या खोल्या, अन् मधात बसलेला एक बाबा, त्याले सारे 'मालक' म्हणत. नाव मी घेत नाही. आमच्या घरी 'ते ठिकाण' म्हटलं का समजते. नऊ वर्षं राह्यली माही बहीण तिथं.

तिथला कायदा असा, का बायांनी तोंडानं काई मागाचं नाही. हरेकीले एक पाटी. सकाळी पाटीवर लिहून खिळ्याले टांगाचं. डोकं धुऊ का, भावाले राखी बांधाले जाऊ का. सांजच्याले त्यावर मालकाचा खडू फिरलेला राहे, हो नाहीतं नाही. आमची माय वारली तवा मी सोता निरोप घेऊन गेलतो. निरोप आत घेतला, मले फाटकावरूनच परत पाठवलं. ममतानं पाटीवर लिवलं, मायचं तोंड पाहाले जाऊ का. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, नाही. तवा मायची राखही सावडून झालती.

त्यानंतर एक दिवस तिनं पाटी कोरीच टांगली. एक अक्षर लिवलं नाही. सांजच्याले पाह्यते तं कोऱ्या पाटीवर 'नाही'.

नऊ वर्षं कोणी वाचतच नोतं. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यासाठी फाटक उघडलं, तशी ती पाटी थैलीत घालून निघाली. हायवेवर ट्रकवाल्याले हात देल्ला. दुपारी बारा वाजता माह्या दारात उभी.

"दादा, आत येऊ का?" म्हणे.

बापाच्या घरी, माह्या घरी, मले पुसून राह्यली. मी तिले हाताले धरून आत आणलं, अन् गावाले ऐकू जाईन एवढ्या आवाजात कोकिळेले, म्हणजे माह्या बायकोले, चहा मांडाले सांगतला.

ती आली, पण पाटी काई सुटली नाही. हरेक सकाळी गोठ्यातल्या खिळ्याले लटकलेली. वहिनीसंग बाजारात जाऊ का. केस कापू का. मी दिलदार माणूस, सगळ्याले हो.

कोकिळा एक दिवस म्हणे, "तुमीबी मालकच झाले म्हणा."

"अवं, मी तं हो लिवतो."

"लिवता तं खरं."

चार दिवस मी तिच्याशी बोललो नाही. बरोबर बोलली होती म्हणून.

त्या ठिकाणाहून दर महिन्याले फोन ये. एकच वाक्य बोलत, 'तुहा खिळा रिकामा ठेवला हाये.' ते ऐकून ममता दिवसभर जेवत नसे. एकदा मले म्हणे, "दादा, मी पुसल्याशिवाय एक काम जरी करू शकली नाही ना, तं मी जाईन वापस. मले त्यांचं भेव नाही. माह्याच पायाचं भेव वाटते."

सदाशिवराव, आमचा शेजारी, तो तं चहाच्या टपरीवर उघड बोले, "पाहजा, वापस जाते ती. हुकमाशिवाय तिले पाणी पचत नाही."

आता माही जोडी सांगतो. पाखऱ्या अन् बादल. अशी जोडी चार तालुक्यात नाही, अन् पाचव्यात असन तं मले दाखवा. पण बैलं मोठी हट्टी. माह्या वरडण्यानं जागचे हलत नसत, अन् ममतानं हळूच 'चाल गा' म्हटलं का कान टवकारून तिच्यामागं. कळंबकडं शंकरपट, म्हणजे बैलजोड्यायची शर्यत, ठरला, त्यात बायांचीबी शर्यत ठेवली. सकाळी पाटीवर लिवलेलं दिसलं, 'पटात जोडी हाकू का.' मी हो एवढ्या जोरात लिवलं का खडू मोडला.

महिनाभर शेतात छकडी, पटाची हलकी गाडी, पळवली तिनं. मी मोबाईलवर घड्याळ लावून पाहो. वारा मागं राहे, वारा.

पटाच्या दिवशी हे गर्दी. दोन जोड्या बाजूबाजूले, झेंडी पडली का सोडाचं. हरेक बाईले दोन दौडी, त्यातली चांगली धराची. ममता छकडीवर उभी राह्यली, पदर खोचून, कासरा हातात. मी दोरीपाशी, सगळ्यायले सांगत, का ही माही बहीण.

झेंडी पडली. बाजूची जोडी सुटली. अन् माही बहीण मान वळवून माह्याकडे पाहून राह्यली. हो पाहिजे होतं तिले.

"हाक वं ममे, हाक," मी घसा फाडला. भोंग्याच्या आवाजात काय ऐकू जाते. जोडी उभीच. बाजूची पोचलीबी.

सदाशिवराव हसला. "बबनराव, पाटी घरीच इसरले काय गा?"

मी त्याची कॉलर धरली असती. पण ममतानं मले बोलावलं.

"दादा, तू दिसला का मले पुसावंच लागते. तू पाठ फिरव."

"आँ? मी माही जोडी पाहू नको?"

"नको पाहू."

"मंग पाह्यन कोण?"

"गाव पाह्यन. तू फिर."

जन्मात पह्यल्यांदा तिनं मले काई सांगतलं, अन् तेबी असं. चार तालुक्यात एक नंबर जोडी, त्यावर माही सोताची बहीण, अन् मी उसाच्या रसाच्या गाडीकडे तोंड करून उभा. सदाशिवराव समोर येऊन माह्या तोंडाकडे पाहून राह्यला. मी डोळेबी मिटून घेतले.

झेंडी पडली असन. मंग आवाज आला. "चाल गा पाखऱ्या, हुर्र बादल, चाल." बाप्पा, काय आवाज. मायचा आवाज होता तो, निरा मायचा, वावराच्या या टोकाहून त्या टोकाले जाणारा. नऊ वर्षं तो कुठी ठेवला होता पोरीनं. माह्या पायाखालची माती हालली, लोक वरडले, अन् सदाशिवरावच मले हलवून म्हणे, "अबे बबन्या, फिर आता, पोचली ती."

सात सेकंदाच्या आत दौड. दुसरा नंबर आला. पह्यली आली तिची बैलं बापाची होती, अन् ती लहानपणापासून हाकते, ते वेगळं. मी दौड पाह्यली नाही, पण मले इचारा, पाह्यलेल्याहून चांगली सांगतो. येताना ममता छकडीवर, मी पायी पुढं, अन् हरेक गावात मी थांबून सांगतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात गेलो तं बैलं नाही, छकडी नाही. खिळ्याले पाटी होती.

'दादा, मी जोडी घेऊन नाल्यावर चालली. बैलं धुते. तू गोठा झाडजो.'

मी खाली हो लिवलं, अन् खराटा घेतला.