राखून ठेवलेला रुसवा

फोन आला तेव्हा मी शेंगदाणे भाजत होते. शुक्रवार होता, आणि शुक्रवारी संध्याकाळी आम्ही सगळे भास्कररावांकडे जायचो, म्हणून त्यांच्या चटणीची तयारी चालली होती. मीनलने पलीकडच्या खोलीत फोन घेतला. दोन-तीनदा नुसतं "येस… येस…" म्हणाली, मग स्वयंपाकघरात आली आणि आधी तिने कढईखालचा गॅस बंद केला. मग म्हणाली, "आई, बाबा गेले." त्यांच्या शेजाऱ्याने सकाळी दार वाजवलं होतं. उघडलं नाही म्हणून तो आत गेला, तर भास्करराव खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले, समोर गवताचं मैदान, हाताशी चहाचा कप. झोपेतच हृदय थांबलं असावं, असं डॉक्टर म्हणाले. मी मीनलला जवळ घेतलं. माझ्या हातांना शेंगदाण्यांचा वास येत होता आणि ती तो वास घेऊनच रडली. आता या गोष्टीला दोन-अडीच महिने झाले. ती चटणी मी नंतर केली. भाजलेले दाणे टाकून द्यायचे कसे…

भास्करराव माझे व्याही, म्हणजे माझ्या सुनेचे, मीनलचे वडील. आपल्याकडे हे नातं दोन्ही बाजूंनी जपून वागायचं. मुलीच्या बापाने वाकायचं, मुलाच्या आईने ताठ राहायचं, आणि लग्नात एकदा तरी कशावरून तरी रुसायचं. मला ते कधी जमलं नाही. माझ्या मुलाचं, अविनाशचं लग्न पुण्यात झालं. मुलीकडचे लोक अमेरिकेतले, आमचे हे कोर्टात शिपाई होते आणि लग्नाआधीच वारलेले. मी त्या झगमगाटात कुठे उभी राहू हे न कळून आचाऱ्यांच्या मागे जाऊन बसले होते. तिथे भास्करराव मला शोधत आले. हातात एक खोकं. "विहीणबाई, आमच्या भंडाऱ्याच्या नातेवाइकांनी मला बजावलंय, की विहीण रुसणार, रुसली की ही कोशाच्या रेशमाची साडी द्यायची आणि समजूत काढायची. सकाळपासून खोकं घेऊन फिरतोय. तुम्ही रुसत का नाही?"

"कशावर रुसू? सगळं चांगलंच झालंय."

"आमटी खारट आहे."

"नाही हो, चांगली आहे."

ते मोठ्याने हसले. "बरं. मग तुमचा रुसवा शिल्लक. साडी मी परत नेतो. ज्या दिवशी रुसाल त्या दिवशी मिळेल." आणि खरंच खोकं घेऊन गेले. मला वाटलं, गंमत केली असेल.

दोन वर्षांनी अविनाशने मला इकडे अमेरिकेत, बेलव्ह्यूला आणलं. भास्करराव तिथून तासाभराच्या अंतरावर एकटे राहत. मीनलची आई ती कॉलेजात असतानाच गेली होती. त्यांचं घर गवताच्या एका लांब पट्ट्याला लागून. आजूबाजूला आणखी चार-पाच घरं, आणि प्रत्येक घराला गाडीऐवजी विमान ठेवायची शेड. पहिल्या खेपेला मला वाटलं, हे सगळं सरकारी असणार आणि आपण इथे उभं राहिलं तर कोणी हटकेल. मी शेवटपर्यंत घरातच बसले. दुसऱ्या दिवशी ते आम्हाला वीस मिनिटांवरच्या तळ्यावर घेऊन गेले. तिथे धक्क्याला त्यांचं विमान बांधलेलं होतं, पांढरं, लहानसं, आणि त्याला चाकं नव्हती. चाकांच्या जागी दोन लांब बंद होड्या होत्या. विमान पाण्यावर असं डुलत होतं, जसं काही म्हैस दुपारची बसली आहे. मी तसं म्हटलं आणि लाजले. पण भास्कररावांना ते इतकं आवडलं, की त्या दिवसापासून विमानाचं नाव म्हैस पडलं. "म्हशीला पाण्यातून काढायला जाऊ या," असं ते फोनवर सांगायचे.

काढायचं म्हणजे काय, ते मला ऑक्टोबरात कळलं. हिवाळ्यात त्या तळ्यावर वारा फार. बांधलेलं विमान धक्क्यावर आपटून फुटेल, म्हणून मोसम संपला की ते घरच्या शेडमध्ये आणायचं. पण तळ्याला विमान वर ओढायचा उतार नाही. मग भास्करराव ते पाण्यावरून उडवत आणि घरासमोरच्या गवतावर उतरवत. चाकं नसताना! मी म्हटलं, "व्याहीबुवा, चौथी पास बाईला कळेल असं सांगा. हे मोडत कसं नाही?" त्यांनी मला ओट्याजवळ बोलावलं. कोरड्या फरशीवर ताट ठेवून ढकललं, ते अडखळलं. मग फरशीवर पाणी ओतून ढकललं, ते सरळ पलीकडच्या भिंतीला जाऊन लागलं. "गवत ओलं हवं. कोरडं असलं तर होड्या धरल्या जातात आणि विमान नाकावर पडतं. ओलं असलं की सरकत जातं आणि आपोआप थांबतं. तेवढीच गोष्ट." तेवढीच नव्हती, हे मला नंतर कळलं. हळू यायचं, सपाट टेकायचं, टेकल्यावर पुढे झुकू द्यायचं नाही, आणि चाकंच नाहीत तर ब्रेकही नाहीत. पण माझ्या वाट्याला आलेली गोष्ट तेवढीच, गवत ओलं करण्याची.

त्या वर्षी दव कमी होतं. त्यांनी घराचे दोन पाइप जोडून पाणी सोडलं, तरी शेवटचा तुकडा कोरडाच राहिला. मीनल आणि अविनाश धक्क्यावर त्यांच्याबरोबर गेले होते, मी एकटीच घरी. काय करावं कळेना. मग मी बादल्या भरभरून नेल्या आणि आमच्या अंगणात घालायचे तसा हाताने सडा घातला. सवयीचा हात, पाणी सारखं पसरतं. विमान झाडांवरून आलं तेव्हा मी बादली घेऊन शेडमागे पळाले. ते टेकलं. आवाज मोठा येईल म्हणून मी कान झाकले होते, पण तसा काहीच आला नाही. ओली गोधडी दगडावरून ओढावी तेवढाच. पाण्याची दोन शेपटं मागे उडाली आणि म्हैस माझ्या सड्यावर येऊन थांबली. भास्करराव दार उघडून खाली उतरले, ओलं गवत बघितलं, माझ्या हातातली बादली बघितली. "विहीणबाई, एवढा मान आयुष्यात कोणी दिला नव्हता. विमानाला सडा!" त्यानंतर दरवर्षी शेवटच्या तुकड्यापुरता सडा माझा. पाइप लांबवायचं त्यांनी कधी मनावर घेतलं नाही.

उतरण्याआधीचे काही आठवडे ते रोज सकाळी अनवाणी गवतावर जात. पाऊल दाबून पुढे सरकवत. सरकलं तर दव पुरेसं. थंडीने पाय लाल होत. मी म्हणायची, "बूट घाला हो." ते म्हणायचे, "बुटाला काय कळतंय?" पुढे मीही जायला लागले, साडी वर खोचून. आम्ही दोघं त्या गवतावर पाय घासत हिंडायचो आणि बोलायचो. मी आयुष्यात परक्या पुरुषाशी इतकं कधी बोलले नव्हते. ते भंडाऱ्याकडच्या तलावातल्या डोंग्यांचं, लहान होड्यांचं सांगत, मी आमच्या यांचं सांगे. एकदा म्हणाले, "तुम्ही मान मागत नाही, म्हणून बरं आहे बघा. नाहीतर या वयात मला तुमच्यासमोर ताठ बसावं लागलं असतं." ते वाक्य माझ्या मनात राहिलं.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा उजवा डोळा अधू झाला. डॉक्टरांनी सांगितलं, विमान चालवणं बंद. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मीनलला औषधाच्या बाटलीवरून कळलं. मग रविवारी जेवताना बापलेकीचं सुरू झालं.

"बाबा, यू कान्ट. एका डोळ्याने उंची कळत नाही. गवत किती खाली आहे ते तुम्हाला दिसणार नाही."

"मला दिसायची गरज नाही. मला ते बुडाला कळतं."

"आणि नाही कळलं तर?"

"एकदाच. फक्त या वर्षी. मग विकतो."

अविनाश म्हणाला, शेजारचे काका पायलट आहेत, ते आणतील. भास्कररावांनी चमचा खाली ठेवला. "परक्या हाताने आणायचं असेल तर आजच विकतो." चटणीची वाटी त्यांच्या पुढ्यात तशीच राहिली.

रात्री परत येताना गाडीत मीनल म्हणाली, "आई, प्लीज, तुम्ही सांगा ना. माझं नाही ऐकणार. तुम्ही मुलाच्या आई आहात. तुमचा शब्द त्यांना मोडता येणार नाही." तिचं खरं होतं. पण मी तो शब्द वापरला की आमचं ते गवतावरचं बोलणं संपणार, मी पुन्हा विहीण आणि ते मुलीचा बाप. शिवाय नुसतं नको म्हणून त्यांच्या हातातलं काढून घेतलं तर उरतं काय? एक खुर्ची आणि खिडकी. आणि नाही सांगितलं, तर त्या झाडांवरून विमान येताना मी बादली घेऊन बघत उभी राहणार… बेलव्ह्यूची दिवे लागलेली ऑफिसं दिसायला लागली तेव्हा मी विचारलं, "मीनल, तुला येईल का?"

ती लहानपणापासून त्यांच्याकडे शिकलेली. लायसन्स होतं, तळ्यावर कितीदा उतरली होती. पण गवत त्यांनी तिला कधी दिलं नव्हतं. दरवर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी.

"येईल," ती म्हणाली. "पण ते देणार नाहीत."

पुढच्या शनिवारी सकाळी ते गवतावर गेले तेव्हा मी गेले नाही. खुर्ची ओढून ओसरीत बसले आणि तोंड फिरवलं. पाय पुसत ते वर आले. "काय विहीणबाई, आज पाय गार पडतात?"

मी खुर्ची आणखी भिंतीकडे वळवली.

"बरं नाही का?"

"मी रुसलेय," मी म्हटलं.

ते हसायला लागले आणि माझ्या तोंडाकडे बघून थांबले.

"लग्नातला रुसवा शिल्लक आहे ना माझा? तो आज काढलाय. विमान मीनल उतरवणार. तुम्ही शेजारी बसून तिला शिकवायचं. त्याशिवाय मी या घरात जेवणार नाही."

एवढं लांब वाक्य मी कोणाला सुनावलं नव्हतं. ते आत गेले. दुपारी खरंच जेवायला आले नाहीत, आणि मीही ताटावर बसले नाही. अविनाश एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्या बंद दाराकडे बघत भात खात होता. मला वाटलं, संपलं… एक चांगलं माणूस आपण घालवलं. चार वाजता दार उघडलं. भास्करराव मीनलसमोर येऊन उभे राहिले. "चल तळ्यावर. तुझं टेकणं फार खोल असतं. सपाट टेकायला शिकायला पाहिजे. विहीणबाई उपाशी आहेत."

ते तीन शनिवार-रविवार तळ्यावर गेले. शेजारचे काकाही बरोबर असत. उतरायच्या दिवशी पहाटे दव भरपूर होतं, तरी मी माझ्या तुकड्यावर सडा घातला. विमान आलं. मी या वेळी शेडमागे पळाले नाही. ते टेकलं, थोडं उचललं, मग पुन्हा टेकलं आणि सरकत, सरकत येऊन थांबलं. इंजिन बंद झालं. दार मात्र उघडेना. काचेतून दिसत होतं, भास्कररावांचे दोन्ही हात मांडीवर होते, जसे आपण पाहुण्यांकडे ठेवतो तसे. मीनल रडत होती आणि ते समोर बघत होते. मग ते उतरले, माझ्याजवळ आले.

"एक उडी मारली तिने."

"बघितली."

"माझ्या पहिल्या वेळी तीन होत्या." मग हळूच म्हणाले, "रुसवा फिटला का?"

"फिटला."

ते घरात गेले आणि खोकं घेऊन आले. सहा वर्षं त्यांनी ती साडी कपाटात जपली होती, घड्यांत कडुनिंबाची वाळकी पानं घालून. इकडे कडुनिंब कुठून मिळवला देव जाणे. मी लाजून घेईना, तर म्हणाले, "घ्या हो. नाहीतर आता मी रुसतो." दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा अनवाणी गवतावर होते, विमान शेडमध्ये असताना. मला हाक मारली. आमचं बोलणं संपलं नव्हतं. उलट पुढच्या वर्षी मीनलला काय काय सांगायचं, तेच ते सगळा हिवाळा सांगत राहिले, जानेवारीतल्या त्या शुक्रवारपर्यंत.

मागच्या आठवड्यात आम्ही घर झाडायला गेलो होतो. अविनाशने मीनलला हळूच विचारलं, "विमानाचं काय करायचं? ठेवायचं?"

ती म्हणाली, "आईंना विचार. विकलं तर रुसतील."

तिघंही हसलो. त्या घरात ते गेल्यानंतरचं पहिलं हसणं. मेमध्ये ती म्हशीला चाकांच्या गाड्यावरून उडवून परत पाण्यात नेणार आहे.

त्या सकाळी मी कोशाची साडी नेसले होते. का, ते सांगता येत नाही. दाराशी त्यांचे गमबूट अजून तसेच आहेत, कधी न वापरलेले. मी त्यांच्या शेजारी चपला काढल्या आणि गवतावर उतरले. आत्ता दव बघायचं काही कारण नाही, उतरायला अजून सगळा उन्हाळा जायचा आहे. तरी पाऊल दाबलं आणि पुढे सरकवलं. पाणी बोटांतून वर आलं, साडीचा काठ भिजला. मागून मीनलने खिडकी उघडल्याचा आवाज आला.

"आई, सरकतंय का?"

"सरकतंय," मी म्हटलं. "ये, बघ."