भाऊजींचा पियानो आणि बंद कूलर

माझ्या भाऊजींइतका संतापी माणूस अख्ख्या वऱ्हाडात नसेल, आणि त्यांच्यावर माझ्याइतकं संतापणारंही दुसरं कुणी नसेल. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, राहणार अकोला. लहानपणी मिशनच्या शाळेत ते थोडा पियानो शिकले होते. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी एका बंद पडलेल्या क्लबातला जुना पियानो विकत घेतला, कापसाच्या मेटॅडोरमधून घरी आणला आणि येईल त्याला फुकट शिकवीन असं जाहीर केलं. तेव्हापासून ते शिकायला न येणाऱ्या सगळ्या जगावर चिडलेले आहेत.

येणाऱ्यांवर तर जास्तच. एका शेजाऱ्यानं या पेटीचा भाता कुठे आहे असं विचारलं, तर दुसऱ्यानं "सर, ढोलक कोन्त्या बटनावर हाय?" म्हणून विचारलं. दोघांनाही चहा न देता वाटेला लावलं. कॉलेजची पोरं इस्त्रीचे शर्ट घालून येत, एक जण पट्ट्यांवर बोटं ठेवी, दुसरा रील काढी, की चालले. "त्याईले वाजवाचं नाई, वाजवतानी दिसाचं हाय," भाऊजी म्हणत. मी एकदा म्हणाले, मोबाईलवर बघून लेकरं एका दुपारी गाणं बसवतात, नवशिक्यांना पियानो कशाला हवा आता? त्या दिवशी ते माझ्याशी बोलले नाहीत, जेवतानासुद्धा भाजी हवी का हे ताईमार्फत विचारलं.

खरी गोम होती कूलरमध्ये. कूलरची ओल लाकडात शिरते, पट्ट्या फुगून अडकतात, म्हणून घरातला एकुलता एक कूलर उन्हाळाभर बंद. मुलं शिकायला येणार सुट्टीत, म्हणजे ऐन मे महिन्यात. दोनदा घामाघूम झाली की तिसऱ्यांदा उगवत नसत. "धीरच नाई आजकालच्या लेकराईत," असं म्हणत भाऊजी पियानोवरची धूळ पुसत. ताई स्वयंपाक उरकून येई, ओला पंचा मानेवर टाके आणि पंख्याच्या गरम वाऱ्यात कूस बदलत पडे. ते पाहून माझं डोकं फिरायचं. लाकडाची एवढी काळजी अन् माणसाची काय, असं मी तोंडावर विचारायची. ताईच मला गप्प करायची.

यंदाच्या मे महिन्यात मी अमरावतीहून गेले, तेव्हा समोरच्या घरातल्या एक निवृत्त नर्सबाई शिकायला येत होत्या. साठीच्या, रक्तदाबाच्या. मोबाईल घरी ठेवून यायच्या, एका बोटानं सूर शोधायच्या, चुकल्या की स्वतःशीच हसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. त्या आठवड्यात भाऊजी कुणावरच चिडले नव्हते. मग एका संध्याकाळी बाई मध्येच थांबल्या. "सर, उद्यापासून नाई जमनार. गर्मीनं चक्कर येऊन राह्यली मले." भाऊजी उठले, बादलीनं कूलरमध्ये पाणी ओतलं आणि बटण दाबलं.

मला असा संताप आला म्हणता. माझ्या बहिणीनं इतके उन्हाळे काढले, तेव्हा या माणसाचा हात त्या बटणाकडे गेला नाही, आणि परक्या बाईच्या एका वाक्यासरशी गेला. बाई घरी गेल्यावर भांडायचंच ठरवून मी बैठकीत आले. भाऊजी वाकून एकेक पट्टी हलकेच दाबून पाहत होते.

"आता अडकतील नं पट्ट्या," मी खोचकपणे म्हणाले.

"अडकतीन. पन कोनी शिकलंच नाई, तं कोरडा ठेवून तरी काय करू याचं?"

ताईचं नाव घेऊन मी पुढचं सुनावणार, एवढ्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. कूलरसमोर जमिनीवर ताई हातावर डोकं ठेवून झोपली होती. आम्ही बोलत होतो तरी हलली नव्हती.

"तुई ताई अशी गाढ झोपते," ते हळूच म्हणाले, "मले मालूमच नव्हतं."

भांडण तसंच घेऊन मी अमरावतीला परत आले.