रंगीत तालमीतला चोविसावा

“पोरगी इंग्रजीत मोजते, म्हून एक मानूस वाढून राह्यला!”

कडुनिंबाखाली जमलेल्या बायकांमधून हे ऐकू आलं आणि मी मान आणखी खाली घातली.

आधीच सांगते, भूतखेत या प्रकारावर माझा काडीचाही विश्वास नव्हता. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी. चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं तरी घसा कोरडा पडायचा... भुतांची ओळख कोण करून घेणार?

भोपाळच्या वायुगळतीनंतरचं वर्ष. सिंदी रेल्वेला, स्टेशनपासून पाऊण मैलावर, मिश्रखताचा एक छोटा कारखाना होता. मी तिथे टायपिस्ट. आवारात अमोनियाची टाकी होती, म्हणून दर महिन्याला गळतीची रंगीत तालीम घ्या, असा वरून आदेश आला. सायरन झाला की ओला कपडा नाकातोंडाला गुंडाळायचा, बांबूला बांधलेलं जुनं धोतर कुठे उडतंय ते बघायचं, आणि वारा जिकडे जात नसेल त्या बाजूच्या झाडाखाली जमायचं. सायरनचं हँडल फिरवायचं काम मी मागून घेतलं होतं — ओरडावं लागत नाही. पण नंतर डोकी मोजायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं.

आम्ही सगळे मिळून तेवीस. मी मोजले, चोवीस. मॅनेजर साहेबांनी मराठीत मोजले, चोवीस. पोती शिवणाऱ्या शेवंताबाईने हिंदीत मोजले. “चौबीस, पोरी!” तोंडावरचे कपडे सोडून मोजलं की तेवीस. पुन्हा बांधले की चोवीस.

“धोंडबा असन,” शेवंताबाई म्हणाली. “धोतर त त्याचंच हाय.”

धोंडबा म्हणजे कारखान्याचा पहिला चौकीदार, दोन वर्षांपूर्वी म्हातारपणाने वारलेला.

“जिता होता तवा एक ड्युटी चुकवली नाई त्यानं. आता काऊन चुकवन?”

साहेबांना हे पटेना. पण तालमीनंतर स्टेशनवरून तेवीस चहा यायचे, बाकी सगळ्यांना मिळायचे, आणि नेमका साहेबांना कमी पडायचा. त्यांनी चहावाला बदलला. नव्याचाही एक कमीच पडला. शेवटी म्हणाले, “मिस, तेवीसच लिहा. वरच्या ऑफिसला काय भूत कळवायचं?” मी निमूट लिहायची.

मग एका दुपारी खरीच गळती झाली. टाकीच्या व्हॉल्व्हमधून पांढरा धूर सुटला, डोळे झोंबायला लागले. मी सायरन फिरवला आणि धावले. झाडाखाली सगळे ओले कपडे गुंडाळून उभे, नुसते डोळे दिसत होते. साहेबांनी मोजलं.

“तेवीस! बरोब्बर! पहिल्यांदा बरोबर आलं!”

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. माझा मात्र हिशेब जुळेना. धोंडबा ड्युटी चुकवणारा नव्हता. म्हणजे... माझा विश्वास नव्हता, पण वजाबाकी तर येत होती!

“साहेब, एक माणूस आत आहे!” मी त्यांची बाही ओढली.

“अहो मिस, भरले ना तेवीस?”

उत्तर द्यायला वेळ नव्हता. हजेरीपट मीच टाइप करायची, नावं पाठ होती. ती मी ओरडून घ्यायला लागले. अकराव्या नावाला कोणी ओ दिली नाही. भिवाजी! कानाने अधू, मागच्या गोदामात दार लावून पोती रचत असणार.

दोघं जण ओली पोती पांघरून वळसा घालून धावले. धूर गोदामाच्या दाराशी पोचलाच होता. त्यांनी भिवाजींना मागच्या खिडकीतून ओढून काढलं. खोकून खोकून लाल झालेले भिवाजी झाडाखाली आले आणि म्हणाले, “काऊन रे, चहा आला काय?”

तोवर फिटरने व्हॉल्व्ह बंद केला. साहेबांनी पुन्हा मोजलं. एकदा... दोनदा. मग ओल्या कपड्याआडून हळूच म्हणाले, “चोवीस.”

आज इतकी वर्षं झाली. डोळे झोंबत होते, गडबड होती, मोजताना चुकलं असेल — हे सगळं स्वतःला सांगून पाहिलं. पण सगळ्यांची एकच चूक, दर महिन्याला? आणि तो चहा?

त्या दिवशी साहेबांनी तालमीची वही माझ्यापुढे धरली. मी त्यात ‘तेवीस’ लिहिलं. मग चहा आणायला निघालेल्या माणसाला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, “चोवीस सांगा. आणि पहिला साहेबांना द्या.”