चार तासांवरची दिल्ली

माझं लग्न ठरलं तेव्हा देशाला स्वातंत्र्य मिळून फार दिवस झाले नव्हते. आमचं गाव वडूजच्या बाजूचं, कोरडवाहू. स्थळ आलं ते कऱ्हाडकडच्या ऊसवाल्यांचं. मुलगा पलटणीत हवालदार आणि नोकरीला दिल्लीत. आईनं ऐकल्याबरोबर डोळ्याला पदर लावला.

"लय लांब हाय. पोरगी कवा दिसायची?"

तेव्हा मामा पुढे सरसावला. लढाईच्या काळात तो पुण्याच्या विमानतळावर मातीच्या पाट्या टाकायला होता. त्यामुळे विमानातलं त्याला सगळं कळतं, असं गाव धरून चाललं होतं.

"लांब? आगं आक्का, विमानानं चार तास! हितनं गाडी साताऱ्याला पोचंस्तवर मानूस दिल्लीत च्या पिऊन बसंल."

आबांनी विचारलं, "इमान सुटतं कुटनं?"

"मुंबईस्नं."

"आन् मुंबईपतूर?"

"आवं दाजी, आपून दिल्लीचं बोलतोय का मुंबईचं?"

तिकिटाचं कुणी विचारलंच नाही. सुपारी फुटली आणि आबा ज्याला त्याला सांगू लागले, "पोरगी चार तासांवर दिली."

लग्न झाल्यावर आम्ही निघालो. कोरेगावला गाडी धरली, पुण्यात बदलली, कल्याणला पुन्हा बदलली. दोन रात्री आगगाडीत गेल्या. दिल्लीला उतरले तेव्हा कोळशाच्या काजळीनं माझा हिरवा चुडा काळा पडला होता. मी भीत भीत यांना विमानाचं विचारलं. हे हसतच सुटले. "आमच्या सुभेदारसाहेबानं अजून विमान आतनं बघितलं न्हाई, आन् हवालदाराच्या बायकोला कोन बसवतंय?"

पहिल्या दिवाळीला यांना रजा मिळाली नाही, दुसऱ्या दिवाळीलाही नाही. गावात बोलणं सुरू झालं. चार तासांवर असून येत नाही म्हणजे पोरीला दिल्लीची हवा लागली. शेवटी मी लेकराला कडेवर घेऊन माहेरी गेले, तर आई संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोललीच नाही. मी दोन रात्रींचं रडगाणं सांगितलं, तशी म्हणाली, "मग इमानानं का आली न्हाईस?"

मामा शेजारीच पान लावत बसला होता. म्हणाला, "जावई चिक्कू असंल."

दिल्लीला परतल्यावर हे यांच्या कानावर घातलं, तसा यांना राग आला. त्यांनी मामाला दिल्लीला बोलावून घेतलं. ऐन थंडीत मामा आला, तोही आगगाडीनंच. अंगात पातळ बाराबंदी, खांद्यावर शेंगांचं पोतं, तोंड काजळीनं माखलेलं. कण्हत कण्हत दोन दिवस झोपून राहिला. मला वाटलं, बरं झालं, आता परस्पर गावाला कळेल.

तिसऱ्या दिवशी यांनी त्याला विमानतळावर नेलं. मीही लेकराला घेऊन गेले. तारेच्या कुंपणाबाहेर आम्ही उभे होतो. एक विमान गर्जत वर गेलं. मामानं दोन्ही हातांनी पटका धरून ठेवला आणि पहाऱ्यावरच्या शिपायाला आपल्या हिंदीत विचारलं, "ये मुंबईकू जाताय क्या?"

"हां."

"कितना तास?"

"चार घंटे."

मामा आमच्याकडे वळला. त्याचा चेहरा नुसता फुलला होता. "बघ! मी काय सांगत हुतो?"

यांनी कपाळाला हात लावला. मला आधी रडू येईल असं वाटलं, पण हसूच आलं.

मामा गावी परतला आणि त्यानं चावडीवर सांगितलं की चार तासच लागतात, स्वतः दिल्लीला जाऊन खात्री करून आलोय. तो स्वतः कशानं गेला, हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही. त्याच्या शब्दाला आता इतकं वजन आलं की पुढच्याच वर्षी त्यानं आमच्या भावकीतली एक पोरगी थेट आसामात दिली. ती म्हणे सहा तासांवर होती.

मी तेव्हा माहेरीच होते. त्या पोरीची आई मला विचारायला आली. मी तिला गाड्या बदलणं, काजळी, उपाशी लेकरू, सगळं खरं ते सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि उठता उठता माझ्या पाठीवरनं हात फिरवला.

"तुजं नशीब तसलं हुतं बाई. आमचा जावई चांगला हाय, त्यो इमानानंच न्हेनार."