मानाची दिवटी आणि पिवळी पावडर

ती घटना आठवली की आजही माझा हात आधी मिशीकडे जातो, पिवळी तर झाली नाही ना हे बघायला. हिंगोली जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते आणि मी वसमत भागात ठाणेदार होतो. कुणाचंही नाव घेणार नाही. जे सांगेन त्यात चार आणे मीठमसाला माझा, बारा आणे घडलेलं. कोणते चार आणे, ते वाचकांनी ओळखावं.

सकाळची हजेरी उरकून मी डायरी चाळत होतो. तेवढ्यात पावडर कोटिंगचं शेड चालवणारे चाचा धापा टाकत आले. चाचांचे वडील कल्हई करायचे. चाचांनी लोखंडी बाकं, खिडक्यांच्या जाळ्या, नांगराचे फाळ यांना रंग चढवायचा नवा धंदा काढला होता. हा रंग ओला नसतो, पिठासारखा कोरडा असतो. बंदुकीसारख्या यंत्रातून तो उडवतात, उडताना त्यात वीज भरते, आणि जमिनीला तार जोडलेल्या लोखंडाकडे तो आपणहून धावतो. समोरून मारला तरी पाठीमागेही जाऊन चिकटतो. मग भट्टीत भाजला की वितळून कडक साल होते. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा म्हणालो होतो, "चाचा, अशी लाठी मिळाली असती तर खात्याचं निम्मं काम वाचलं असतं."

त्या दिवशी चाचा हसले नाहीत.

"साहब, पिवळ्या पावडरची खोकी चोरीला गेली."

"रंगच ना? सापडेल. बसा, चहा घ्या."

"चहा नको साहब. आज खंडोबाची जत्रा आहे. कुणी ही पावडर भंडारा म्हणून विकली तर?"

"तर काय, लोक जरा जास्त पिवळे होतील."

चाचांनी खिशातून कागदाची पुडी काढली. ठाण्यात वीज गेली की लावायची रॉकेलची चिमणी होती, ती पेटवायला सांगितली आणि चिमूटभर पावडर तिच्यावर फुंकली. भप्पकन भडका उडाला! जमादारांच्या डाव्या भुवईचा केस न् केस गेला. छताला चिकटलेली पाल माझ्या टेबलावर पडली, आणि कोठडीतला दारुडा जन्माची शुद्ध आल्यासारखा उठून बसला.

"खाली पडून राहिली तर काही करत नाही," चाचा म्हणाले. "हवेत ढग झाला आणि ज्योत भेटली, की असं."

खंडोबाच्या जत्रेत दुसरं होतं काय? दिवेलागणीला पालखी निघते. पुढे दिवट्या पेटलेल्या असतात आणि वरून मुठी मुठी भंडारा उधळतात. गर्दी तर अशी, की मुंगीला पुढे जायचं तर दुसऱ्या मुंगीची परवानगी लागावी.

गुन्हा नोंदवला आणि खबऱ्यांना निरोप धाडले. दुपारी केशकर्तनालयवाला आला. हा माणूस लोकांचे केस कमी आणि बातम्या जास्त कापायचा.

"साहेब, तुमच्या चाचांचा माल नेतो ना, तो टेम्पोवाला. त्याच्या हौद्यात पिवळं सांडलंय. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीला असं चिकटून राहिलंय, झटकलं तरी सुटून न्हाई राहिलं. म्या वास घेतला. वासच न्हाई! वसमतात बिनवासाची हळद असती व्हय?"

अर्ध्या तासात टेम्पोवाला माझ्यापुढे उभा होता. तरणा गडी, मान खाली.

"माल कुठंय?"

"कोन्ता माल साहेब?"

"पिवळा."

"हळद असंल. समद्या गावातच हळद हाय."

असे लोक मी खूप पाहिलेत. चोर मार खायची तयारी करून आलेला असतो, त्याला मारलं की तो उलट निवांत होतो. मी जमादारांना पुन्हा चिमणी लावायला सांगितलं. जमादारांनी उजव्या भुवईवर हात झाकून ती लावली. चाचांनी पुन्हा फुंकर मारली आणि पुन्हा भडका झाला.

टेम्पोवाला दोन पावलं मागं सरला. "हे... हे तेच हाय?"

"तेच."

त्यानं माझे पाय धरले. "साहेब, म्या रंग समजून नेलं. जत्रंतल्या भंडारवाल्याला इकलं. साहेब, माझी माय तिथं हाय! मानाची दिवटी आमच्या घरची. पालखीम्होरं तीच असती दिवटी घेऊन!"

माझ्या सबंध नोकरीत इतका लवकर आणि इतका खरा जबाब मला कुणी दिला नाही. जत्रेच्या गावापर्यंत जीप मी अशी पळवली, की रस्त्यातले खड्डे आम्हाला बघून बाजूला झाले.

मफलर बांधलेला भंडारवाला सापडला. तो म्हणाला, "माल सकाळीच गेला की. पालवाल्यांनी नेला. कुणी पिठात कालवला, कुणी तसाच इकला. आता कुठून आनू?"

जमादारांना कल्पना सुचली. तंबाखूची चुनाडबी काढून ते म्हणाले, "साहेब, हळदीला चुना लावला की कुंकू होतं. खरा भंडारा लाल होईल. जो होणार नाही, तो उचलू."

मी त्यांची पाठ थोपटली. आमचे शिपाई चुनाडब्या घेऊन पालापालातून फिरू लागले. सगळ्या गावाला वाटलं, पोलीस जत्रेत तंबाखू मळायला आलेत. पण देवाशपथ सांगतो, अख्ख्या बाजारात लाल झालं ते दोनच ठिकाणी. एक देवळाजवळच्या म्हातारबाचा भंडारा आणि दुसरं माझं तोंड. बाकी सगळा रंगवलेला मैदा! चाचांची पावडर कोणती, मैदा कोणता, काही कळेना. आणि विकला गेलेला माल तर हजारो ओंजळींत, पदरांत, खिशांत पोचला होता. तो कसा गोळा करणार?

ऊन उतरलं. हलगी कडाडू लागली. दिवट्या पेटल्या. भोंग्यावरून 'आग लागेल' म्हटलं असतं तर आगीआधी चेंगराचेंगरीनंच माणसं मेली असती. शिपायाकडून दिवटी विझवली असती तर 'पोलिसांनी देवाची ज्योत विझवली' म्हणून दंगल झाली असती. लोकांच्या तोंडातल्या बिड्या जमादार हातानं उडवत होते, आणि शिव्या मला पडत होत्या.

"साहेब," टेम्पोवाला म्हणाला, "मला मायकडं जाऊ द्या."

मी त्याच्या हातातल्या बेडीचं दुसरं टोक माझ्या मुठीत धरलं आणि दोघं गर्दीत घुसलो. पालखीपुढे एक वाळकी, ताठ म्हातारी पेटती दिवटी धरून उभी होती. कपाळभर भंडारा माखलेला.

"माय, दिवटी शांत कर."

"काहून? याड लागलं का तुला?" मग तिचं लक्ष बेडीकडं गेलं. "आन हातात हे काय रे?"

"माय, लोकांच्या हातातला भंडारा खरा न्हाई. म्या चोरून इकलेला रंग हाय त्यात. उधळला की पेट घेतो. म्या डोळ्यानं बघितलंय. तू पेटशील, माय."

म्हातारीनं मोकळ्या हातानं त्याच्या थोबाडीत अशी ठेवून दिली, की हलगीवाल्याचा ताल चुकला. मग ती मागं न बघता ओरडली, "दूध आना!"

खंडोबाची दिवटी फुंकून विझवत नाहीत, दुधानं शांत करतात. पण ते सगळं उरकल्यावर. पुजारी धावत आला. "अहो काकू, पालखी हालली न्हाई अजून!"

"दिवटी कुनाच्या घरची?"

"तुमच्या."

"मंग ती कवा शांत करायची ते मी सांगीन. दूध आन म्हनलं ना!"

चहाच्या टपरीवरून पातेलं आलं. वर देवळाच्या गच्चीवर पोरांनी ओंजळी भरून हात उचललेले मला दिसत होते. चर्रर्र आवाज झाला. मानाची दिवटी दुधात गेली म्हटल्यावर बाकीच्यांनीही आपापल्या दिवट्या पुढं केल्या. शेवटची विझते न विझते तोच "येळकोट येळकोट जय मल्हार" झालं आणि आभाळ पिवळं झालं.

मी डोळे गच्च मिटले. जमादारांनी भुवई झाकली.

काही झालं नाही. विजेच्या माळांच्या उजेडात पालखी हलली. माझ्या टेरिकॉटच्या वर्दीला ती पावडर पुढून मागून चिकटली होती. अख्खा आठवडा मी चालता हळकुंड होतो.

राहिला खटला. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. आईपुढं दिला होता तो, पण हातात माझी बेडी होती, म्हणजे तोही बाद. साक्षीदार हवा होता. चार दिवसांनी म्हातारी स्वतःच ठाण्यात आली, बाकावर न बसता खाली बसली आणि म्हणाली, "खोकी माझ्याच घरात ठिवली होती. म्या बघितली. लिवा."

जमादारांनी लिहिलं, वाचून दाखवलं आणि शाईचा पॅड पुढं केला. म्हातारीनं अंगठा मागं घेतला.

"अर्धंच लिवलंय."

"काकू, गुन्ह्याला एवढंच लागतं," जमादार म्हणाले.

"गुन्ह्याला लागत असंल. चोरी त्यानं केली, ते लिवलं. आन बेडीतला हात घिऊन समद्या जत्रंसमोर मला येऊन सांगितलं, तेबी त्यानंच. ते न्हाई लिवलं. ते लिवा, मंग अंगठा घ्या."

जमादारांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. ती ओळ लिहिली गेली, वाचून दाखवली, मगच अंगठा उठला. पुढे कोर्टात त्याला शिक्षा झाली, पण न्यायाधीशांनी त्या ओळीचा उल्लेख करून ती कमी ठेवली. म्हातारी निकालाला आली होती. पोराकडं बघून एवढंच म्हणाली, "जा. भाकरी घिऊन यीन."

पोलिसाला जबाब घ्यायची शिकवण असते, पण ती गुन्ह्याला लागेल तेवढाच घ्यायची असते. तेवढं मिळालं की पेन थांबतं. त्या म्हातारीनंतर मी कुणाचाही अंगठा किंवा सही घेण्याआधी विचारू लागलो, "अजून काही लिहायचं राहिलं का?" निम्मे लोक 'नाही' म्हणायचे. उरलेले अंगठा मागं घ्यायचे आणि बोलायला लागायचे.

जमादार कुरकुरायचे, "साहेब, कागद लई लागून राहिला."

मी म्हणायचो, "लागू द्या. लिहा."