पांढरी मुळं

गल्लीत तिला सगळे आंबटबाई म्हणत. तिच्या पिंपातल्या जिवाणूंच्या पाण्याला आंबट वास येई आणि तो तिच्या केसांतही मुरला होता. नवरा वारला तेव्हा दीर म्हणाला, "वहिनी, काकड्यांची शेड आता माझी. तुम्ही स्वयंपाकघर सांभाळा." तिने स्वयंपाकघर सांभाळलं आणि शेडही सोडली नाही. दोनदा त्याने तिला दंडाला धरून फरफटत बाहेर काढलं. दुसऱ्या वेळी ती त्याच्या हाताला रक्त निघेपर्यंत चावली.

शेवटी सासूने शेडच्या मधोमध दोरी बांधली. "या हंगामात ज्याच्या काकड्या मूळकुजीतून वाचतील, शेड त्याची. माझ्या डोक्याला रोजचा ताप नको."

दिराचा सगळा भरवसा बुरशी मारणाऱ्या मोरचुदावर. माती निळी होईपर्यंत ओतायचा. आंबटबाई पेरण्याआधीच बी जिवाणूंच्या दाट पाण्यात घोळवून सावलीत सुकवायची. मूळ फुटलं की जिवाणू त्याला लगडतात आणि कुजवणाऱ्या बुरशीला जागाच उरत नाही. दिराने कधी ऐकून घेतलं नाही. त्याच्या लेखी सगळी करामत त्या पिंपात होती.

पाचव्या आठवड्यात त्याच्या बाजूचे वेल माना टाकू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेडमध्ये आली, तर पिंपातलं पाणी निळंशार. शेजारी दीर, हातात मोरचुदाची रिकामी पिशवी.

"आता तुमचेही कुजतील," तो म्हणाला.

तिने पिंपात वाकून पाहिलं. "यातले जिवाणू मेले, भाऊजी. मुळांवरचे नाही."

"दाखवतोच." त्याने तिचा एक वेल उपटून तिच्या तोंडावर फेकला. मुळं पांढरी होती. दुसरा उपटला, तिसरा, पाचवा. सगळी पांढरी. ती आडवी आली तशी त्याने लोखंडी नळी तिच्या खांद्यावर हाणली. ती वाफ्यात कोसळली. तो उपटतच राहिला. तिच्या हाताला फावडं लागलं. अकराव्या वेलाशी तिने फावड्याची पाठ त्याच्या मनगटावर घातली. काकडी मोडावी तसा आवाज झाला.

ओरडणं ऐकून सासू आली. तिने लेकाकडे पाहिलं, सुनेच्या रक्ताळलेल्या खांद्याकडे पाहिलं, मग दोरीपलीकडे जाऊन लेकाचा एक वेल उपटला. मुळाची तपकिरी साल तिच्या बोटांत निसटून आली, मागे नुसता दोरा राहिला.

"अकरा उपटलेस," ती लेकाला म्हणाली, "आणि त्यात एक कुजका सापडला नाही तुला?"

तिने मधली दोरी सोडली आणि तिचीच झोळी करून त्याचा हात गळ्यात अडकवला.

"गाठ सैल ठेवा, आई. सूज चढेल," आंबटबाई म्हणाली. एका हाताने ती पिंप कलंडवत होती.

"आणि माझ्या बाजूचे वेल?" दीर कण्हत म्हणाला.

"उपटायचेच आहेत. सवय झालीय तुम्हाला, पण आधी हात जुळू द्या."