आसन होतें तैसें

किल्ली ते नेहमी दोन्ही हातांनी द्यायचे, देवळातला तीर्थप्रसाद द्यावा तशी. आणि म्हणायचे, "आसन होतें तैसें आहे, सार."

आसन म्हणजे माझ्या गाडीची ड्रायव्हरची सीट. मी बुटका. सीट पार पुढे ओढल्याशिवाय माझा पाय क्लचला पोचत नाही. ते हॉटेलच्या दारावर गाड्या सांभाळणारे, चांगले उंच, पांढऱ्या मिशांचे. गाडी लावायला नेताना सीट मागे सरकवणं त्यांना भागच होतं. पण परत आणताना पोर्चमध्ये उतरायच्या आधी ती माझ्या मापाला आणून ठेवायचे. तुम्ही मोठ्या हॉटेलात गाडी दिली असेल तर सांगा, कोण करतं एवढं?

दोन हजार चार-पाचचा काळ. मी मूळचा कराडचा, नोकरी मद्रासजवळ इरुंगाट्टुकोट्टैच्या सुट्या भागांच्या कारखान्यात, बिऱ्हाड अण्णा नगरला, एकट्याचं. दर शुक्रवारी कंपनीचे पाहुणे या हॉटेलात सोडायचे, त्यांच्याबरोबर जेवायचं आणि इंग्रजीत हसायचं, हे माझ्याकडे. पहिल्यांदा गाडी परत घेताना मी स्वतःशीच पुटपुटलो, "आयला, छत्री कुठं गेली?" तर बाजूचा गणवेशातला माणूस म्हणाला, "छत्री मागल्या बाकावर आहे."

मी उडालोच. मद्रासमध्ये मराठी, आणि तेही बखरीतून उतरल्यासारखं!

तंजावरकडचे. कैक पिढ्या तिकडेच गेलेल्या. "कराड म्हणजे कृष्णाकांठ ना?" त्यांनी विचारलं. स्वतः कधी पाहिलेला नव्हता. मी टिप काढली, तर त्यांनी माझी मूठ मिटवली. "तुमचें नको. चार शब्द बोला, पावलें."

इतरांकडून मात्र घ्यायचे. टिप देणाऱ्यांचे प्रकार आपण सगळ्यांनीच पाहिलेत. कोणी नोट घडी घालून चोरासारखी सरकवतो, कोणी सगळे खिसे चाचपून 'सुट्टे नाहीत हो' असा चेहरा करतो, कोणी सरळ काच वर करतो. ते सगळ्यांना सारखाच सलाम करायचे आणि नोट न बघता खिशात टाकायचे. माझ्याशी मात्र पुढची गाडी येईपर्यंत बोलायचे. डांगर कसं करता, आमटीत चिंच घालता की आमसूल, असलंच काहीबाही. आठवडाभर मी त्या चार मिनिटांची वाट बघायचो, खोटं कशाला सांगू?

एकदा मी हट्टाने नोट त्यांच्या खिशात कोंबली. त्यांनी ती काढून माझ्या डॅशबोर्डवर ठेवली. "द्यायचेंच असेल तर रविवारीं घरीं या, सार. एक काम आहे."

काम असं होतं. त्यांची बायको वारल्याला वर्ष झालं होतं. मुलगा लहानपणापासून तमिळमध्येच उत्तर देणारा, सून तमिळच. सात वर्षांच्या नातीने मराठी ऐकलं ते फक्त आजोबा-आजीच्या तोंडून. तिची पक्की समजूत झाली होती की ही भाषा या दोघांनी मिळून बनवलीय, घरातल्या घरात, खेळायला. "म्हणते, पाटी गेली, आतां खेळ संपला," ते म्हणाले. पाटी म्हणजे आजी. "तुम्ही येऊन बोला. तिला कळूं दे, जगांत आणखी माणसें आहेत."

गेलो. तिरुवल्लिकेणीच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर दोन खोल्या. ते इस्त्रीचा शर्ट घालून दारातच उभे. सुनेने कॉफी दिली. नात खुर्चीवर पाय लोंबकळत ठेवून समोर बसली.

"बोला सार, कांहींही बोला."

आता काहीही बोला म्हटल्यावर काय सुचतं हो माणसाला? मी कारखान्याच्या कँटीनची गाऱ्हाणी सांगू लागलो. त्यांनी प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. पोरगी एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. मग ती आजोबांकडे वळून तमिळमध्ये बोलली. कामापुरतं तमिळ मला येत होतं, तेवढ्यात ते कळलं.

"तात्ता, या अंकलची भाषा वेगळी आहे. तू आणि पाटी बोलायचात, ती ही नाही."

सगळे हसले. तेही हसले, जरा जास्तच मोठ्याने. मी घाईघाईने तिला पटवू लागलो की अगं, एकच आहे. तेही कशात, तर मोडक्या तमिळमध्ये! तिने मान डोलावली नाही.

ते मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आले. मग म्हणाले, "पोर खरें बोलली. तुम्हांस समजतें, सार. पण तिच्यासारखें उत्तर येत नाहीं." तिच्यासारखं म्हणजे बायकोसारखं.

मला राग आला नाही. पण लागलं.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी गाडी आणली. किल्ली दोन्ही हातांनी दिली, आसन होतं तसं असल्याचं सांगितलं आणि तिथेच उभे राहिले. मी कँटीनचं काहीतरी काढलं. ते "हो सार, हो सार" करत राहिले. उजवा हात जरासा पुढे आला होता. मला कळायला वेळ लागला. मी खिशातून नोट काढून दिली. त्यांनी सलाम केला आणि न बघता खिशात टाकली.

इतके दिवस हीच नोट घ्या म्हणून मी त्यांच्या मागे लागलो होतो. त्या रात्री सिग्नलला थांबलो. या शहरात मला इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं.

मग तसंच चालू राहिलं. नोट, सलाम, किल्ली. आणि पोंगलनंतरच्या एका शुक्रवारी ते दिसलेच नाहीत. मुलाची बदली झाली, सगळे कोयंबत्तूरला गेले, असं दारावरच्या पहारेकऱ्याने सांगितलं. माझ्यासाठी निरोप नव्हता. असावा तरी कशाला?

एका नव्या माणसाने गाडी आणली. मी त्याला टिप दिली, आत बसलो आणि पाय क्लचकडे टाकला. पोचला नाही. सीट पार मागे गेलेली. मी तसाच बसून राहिलो, त्या पोरीसारखे पाय लोंबकळत ठेवून.

"आसन होतें तैसें नाहीं," मी म्हणालो.

"वॉट सार?" त्याने वाकून विचारलं.

"नथिंग," म्हटलं, आणि सीट स्वतःच पुढे ओढली.